मालदीवचा तिसरा धडा

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं मालदीवमधल्या एका लहान बेटावर भूगोल शिकवत होता. नोकरी संपवून तो गावी आला, आण्याच्या पठारावर, आणि मागच्या वर्षी तिथल्याच घरात वारला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत एक जाड वही निघाली. पहिल्या पानावर त्याच्या किंचित कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मालदीव : भूगोल, लोक आणि शासन. आठवी-नववीच्या मुलांसाठी.’ तीन धडे होते. पहिले दोन पूर्ण. तिसऱ्याचं नुसतं शीर्षक, आणि त्याखाली कोरी पानं.

त्या धड्याबद्दल तो शेवटच्या दिवसांत माझ्याशी एकदाच बोलला होता. मी पेठला राहतो. तिथल्याच बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. आठवड्यातून दोनदा त्याला बघायला जायचो.

“शासनाचा धडा तेवढा राहिलाय,” तो म्हणाला. “तू लिही, दादा.”

“बरा झालास की तूच लिही.”

आजारी माणसाशी आपण असंच बोलतो. त्याने मान हलवली आणि कूस बदलली. पुढे काही सांगायचं होतं का, ते मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची सवयच उरली नव्हती, आणि त्याचं कारण आईच्या मातीचा दिवस.

आमच्याकडे वडिलांना थोरल्याने आणि आईला धाकट्याने अग्नी द्यायचा, असा रिवाज आहे. वडिलांच्या वेळी मडकं मी धरलं होतं. आईचं तो धरणार, हे ती हिंडती-फिरती असल्यापासून ठरलेलं होतं. ती स्वतःच हसत सांगायची, “माजं मडकं धाकल्याकडं. थोरला वाटंत पुस्तक वाचत बसंल, आन मी तशीच ऱ्हाईन.”

ती जून महिन्यात गेली, पहाटे. भावाला तिकडे जाऊन सहावं वर्ष चालू होतं. मी फोन लावला. “निघतो. थांबा,” एवढंच तो म्हणाला. आळेफाट्याहून बर्फाची पेटी आणली. पाहुणे जमले. पठारावर पावसाचा पत्ता नव्हता, बाजरीची रानं नांगरून पडली होती आणि आभाळ नुसतं पांढरं होतं. अशा आभाळाखाली बसून, कुठेतरी समुद्र खवळला असेल, हे कोणाच्या मनात येणार?

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. त्याचा फोन लागत नव्हता. काकी, म्हणजे माझी चुलती, आईची धाकटी जाऊ, सारखी हमरस्त्यापर्यंत जाऊन यायची. “कल्याणच्या गाड्या गेल्या, नगरच्या गेल्या. ह्याची गाडी कुठं आडली?” लोक माझ्याकडे बघत. शिकलेला मी एकटाच, तेव्हा उत्तर माझ्याकडे असणार असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी घरातला जुना शालेय नकाशासंग्रह काढला, आशियाचं पान उघडलं आणि पट्टी लावली. माले ते तिरुवनंतपुरम. एक इंचही भरलं नाही.

तीनच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“दादा, मला जमत नाही. करून घ्या.”

मी ओट्यावर उभा होतो. अंगणात गाव बसलं होतं. मी म्हणालो, “नकाशावर इंचभरही अंतर नाही. यायचंच नव्हतं तुला.”

मग तो “बरं” म्हणाला आणि फोन बंद झाला. आईचं मडकं मी धरलं.

तो आठव्या दिवशी पोचला. उजव्या तळहाताला जाड पट्टी होती. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, “दोरानं कापलं.” दहाव्याला त्याने सगळ्यांसारखं डोकं भादरलं आणि मागच्या रांगेत उभा राहिला. पिंडापाशी मी बसलो होतो. मी त्याला पुढे बोलावलं नाही, आणि तो आला नाही.

नंतरही तो दर वर्षी सुटीत यायचा. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, कांद्याबद्दल बोलायचो. गावात मात्र त्याची एक ओळख कायमची झाली होती. बांधावरून बोलाचाली झाली तरी समोरचा म्हणायचा, “आईच्या मातीला आला न्हाई तू, मला काय शिकवतो?” तो उत्तर द्यायचा नाही. मी तिथे असलो तर मीही गप्प असायचो.

त्याची दशक्रिया ओझरला झाली, कुकडीच्या काठी. आमच्या भागात प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात. एका वक्त्याने माइक हातात घेऊन सांगितलं की आपल्या पठारावरच्या या सुपुत्राने मॉरिशसच्या मुलांना घडवलं. कोणी दुरुस्त केलं नाही. गावात निम्मे लोक मॉरिशसच म्हणत, उरलेले ‘बेटावरचा मास्तर’. माझ्यामागे बायकांत काकी बसली होती. ती हळू बोलत नाही. “लई शिकवलं लोकांच्या पोरांला,” ती म्हणाली. “आईला इंचभर अंतर व्हतं म्हणं, ते काय तुटलं न्हाई.” दोघी-तिघींनी ‘हां बाई’ केलं. मी मान खाली घातली. पाण्याकडे बघत राहिलो.

वर्षश्राद्धाला आमच्याकडे आलेल्यांना आठवण म्हणून काहीतरी देतात. कोणी अभंगांची पुस्तिका छापतं, कोणी आंब्याची रोपं वाटतं, कोणी स्टीलचा डबा. त्याची वही हाती आल्यावर मी ठरवलं की त्याचं पुस्तक वाटायचं. तिसरा धडा वाचून-विचारून मी लिहीन. शासन म्हणजे काय, चार पुस्तकं चाळली की जमेल.

पण आधी पहिले दोन नीट वाचावे लागले. मी सावकाश वाचतो. पहिल्या धड्यात त्याने लिहिलं होतं : ‘या देशात डोंगर नाही आणि नदी नाही. हजाराहून जास्त बेटं आहेत, पण माणसं राहतात ती साधारण दोनशेंवर. बेट म्हणजे पोवळ्यांवर साठलेली वाळू. आपल्या ओट्यावर उभं राहिलं तर जेवढं उंच होईल, त्याहून उंच जागा इथे क्वचितच सापडेल. माझ्या बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला पाऊण तास लागतो.’

आणि पुढच्याच पानावर : ‘मुलांनो, अंतर पट्टीने मोजायला शिका, पण पट्टीवर थांबू नका. माझ्या बेटापासून विमानतळाच्या बेटापर्यंत होडीने जावं लागतं. मध्ये उघडा समुद्र आहे. वारा नसेल तर पाच तास. वारा असेल तर ते अंतर सांगता येत नाही.’

मी वही मिटली. मी जे मोजलं होतं ते माले ते तिरुवनंतपुरम. त्याच्या बेटापासून विमानापर्यंतचा समुद्र त्या नकाशात नव्हताच. त्याचं बेटही नव्हतं. निळ्या रंगावर छापखान्याची शाई उडावी तसे काही ठिपके होते, आणि मी पट्टी ठेवली होती ती ठिपक्यांच्या वर.

दुसरा धडा लोकांचा. तिथे बायका सकाळी घरापुढची वाळू झाडतात. मुलं आपल्याला हिंदी गाणी म्हणून दाखवतात आणि अर्थ आपल्यालाच विचारतात. देशाचा धर्म इस्लाम आहे, दुसऱ्या धर्माची जाहीर पूजा चालत नाही. म्हणून आईने दिलेला ओझरचा छोटा पितळी गणपती तो पहिल्याच वेळी माझ्याकडे ठेवून गेला होता. वहीत याबद्दल तक्रार नव्हती. लिहिलं होतं, ‘ज्याच्या घरी राहावं त्याची रीत पाळावी.’ कांदा भारतातून येतो, आणि पोत्यावर मराठी अक्षरं दिसली तर तो पोतं मागून घ्यायचा. आणखी एक ओळ होती : ‘दर शुक्रवारी एक म्हातारी मला बोलावून रोटी आणि खोबऱ्यात कालवलेले मासे वाढते. मी नको म्हटलं तर रागावते.’ ती कोण, ते नव्हतं. माळकरी आईचा मुलगा मासे खात होता, हे वाचून मला आधी हसू आलं, मग नाही.

तिसऱ्या धड्याच्या कोऱ्या पानांत एक घडीचा कागद होता. वर शिक्का, चार ओळींचा मजकूर छापलेला, खाली काही हाताने लिहिलेलं आणि चार सह्या. तीन सह्या मला न कळणाऱ्या लिपीत. चौथी त्याची. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी दिसत होती, म्हणून मी तो कागद घेऊन जुन्नरला आमच्या शाळेची पुस्तकं बांधणाऱ्या चाचांकडे गेलो. आमच्या ग्रंथालयातलं अर्धं कपाट त्यांनी शिवलेलं आहे. उर्दू आणि अरबी ते सहज वाचतात. पुस्तकाची बांधणीही त्यांच्याकडूनच करून घ्यायची होती.

त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला.

“सर, ही उर्दू न्हाई. अरबी बी न्हाई.”

“उजवीकडून लिहिलंय.”

“उजवीकडून तर मी सुई बी घालतो.” ते हसले. मग बोट ठेवून म्हणाले, “हे बघा. हा अरबी एक, हा दोन, हा तीन. आकड्यांचीच अक्षरं केल्याली दिसत्यात. लई चलाख लोकं. पर मला काय वाचता येणार न्हाई. धाकट्या सरांचा कागद हाय ना? मंग तिकडंच विचारा की. फोन हाय, दुनिया हाय. इतकी वर्सं विचारलं न्हाई व्हय?”

त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी तो प्रश्न बरोबर जागी लागला.

वहीच्या शेवटी मालदीवचा एक नंबर होता. मी कागदाचा फोटो पाठवला आणि मी कोण ते इंग्रजीत लिहिलं. दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, फोन आला. तिकडे शुक्रवारी सुटी असते. तो माणूस सिनेमा आणि मालिका बघून हिंदी शिकलेला होता, माझ्याहून बरी बोलत होता.

“आप मास्टर साहब के बड़े भाई? वही, नक्शेवाले?”

मी विचारलं, नक्शेवाले म्हणजे? तो म्हणाला, मास्टर साहब वर्गात नेहमी सांगायचे, नकाशा वाचायला मी माझ्या थोरल्या भावाकडून शिकलो. माझा मुलगा त्यांच्या वर्गात होता.

मग त्याने कागद वाचून दाखवला. छापलेला मजकूर बेटाच्या परिषदेचा होता : समुद्र खवळलेला आहे, आज बंदरातून कोणतीही होडी सोडू नये. हाताने लिहिलेलं असं होतं : ‘शिक्षकाची आई वारली आहे. आम्ही चौघे आमच्या जबाबदारीवर जात आहोत.’

“चार में से एक मैं हूँ,” तो म्हणाला. तेव्हा तो होडीच्या इंजिनावर काम करायचा. आता त्या परिषदेतच निवडून आला आहे.

पुढचं त्याने सांगितलं ते मी मराठीत लिहितो. परिषदेचा अध्यक्ष धक्क्यावर आडवा उभा राहिला होता. भाऊ त्याच्याशी भांडला नाही. बॅग खांद्याला लावून नुसता उभा होता, खूप वेळ. शेवटी तिघं जण आपण होऊन पुढे झाले. अध्यक्षाने सह्या घेतल्या आणि बाजूला झाला. उघड्या समुद्रात गेल्यावर होडीत पाणी भरायला लागलं, इंजिन दोनदा बंद पडलं. एक जण लाटेबरोबर बाहेर फेकला गेला. त्याच्या कमरेला दोर होता, आणि दोर भावाने धरला. तो माणूस आत आला तेव्हा भावाच्या तळहाताचं कातडं दोरावर राहिलं होतं. त्यानंतर भावानेच सांगितलं, परत फिरवा. तिघांच्या आया धक्क्यावर उभ्या होत्या. तो म्हणाला, “मेरी तो गई। तुम्हारी वहाँ खड़ी है।”

त्याचा मोबाइल भिजून गेला होता. दुसऱ्या दिवशीही वारा तसाच. होडी काढू का, असं तिघांनी पुन्हा विचारलं, तर त्याने नाही म्हटलं. मग परिषदेच्या कार्यालयात जाऊन तिथून मला फोन केला. पुढच्या आठवड्यात, वारा पडल्यावर, आधी परिषदेच्या बैठकीत त्यांच्या भाषेत लिहून आणलेली माफी वाचली आणि मग निघाला. दोर ज्याच्या कमरेला होता त्याची आई ती शुक्रवारची म्हातारी.

“फोन किया तब मैं बाजू में था,” तो माणूस म्हणाला. “मास्टर साहब आखिर में एक ही लफ्ज़ बोले. बरं. फिर बहुत देर बैठे रहे. बरं मतलब क्या होता है?”

“ठीक है,” मी म्हणालो.

“अच्छा,” तो म्हणाला. त्याला पटलेलं वाटलं नाही.

त्यानंतर तिसरा धडा लिहायला मला चार महिने लागले. लिहिलं ते साधं आहे. राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडतात. कायदे करणाऱ्या सभेला मजलिस म्हणतात. बेटाला स्वतःची निवडलेली परिषद असते, आपल्या ग्रामपंचायतीसारखी, फक्त तिला वाळू, होड्या आणि वारा यांचाही विचार करावा लागतो. शेवटी परिषदेच्या कामाचा एक नमुना म्हणून त्या कागदाचं भाषांतर छापलं, आणि त्या दिवशी काय झालं ते आठ-दहा वाक्यांत. ओट्यावरून मी काय बोललो ते लिहिलं नाही. ते शासनाच्या धड्यात बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

चाचांनी शंभर प्रती बांधल्या. शेवटी चार कोरी पानं होती. “ही ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “वाचणाऱ्याला काय लिव्हावं वाटलं तर जागा नगं का?”

वर्षश्राद्धाला मांडवात कीर्तन झालं, पुस्तकं वाटली, मग पंगत बसली. लोकांनी पुस्तकं मांडीखाली सरकवली, कोणी पाण्याच्या ग्लासाखाली ठेवलं. मांडवाच्या कडेला काकी बसली होती. तिला वाचता येत नाही. तिची सून तिला पुस्तक वाचून दाखवत होती, शेवटून, कारण शेवटचा धडा सगळ्यांत लहान होता. मी वाढप्यांच्या मागे उभा राहून ऐकत होतो. सून दोराच्या वाक्यापाशी अडली, मग पुढे गेली. काकीने एकदा हात वर करून तिला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं.

मग तिने मला हाक मारली. “थोरल्या, हिकडं ये.”

मी खाली बसलो.

“हे खरं हाय?”

“खरं आहे, काकी.”

“मंग तवा फोनवर तू काय बोलला व्हतास त्येला? वट्यावरनं?”

मी सुनेच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

“मला याद हाय,” ती म्हणाली. “इंचभर अंतर न्हाई, यायचंच नव्हतं तुला. तू बोलला, तवा आमाला कळलं. आमाला काय ठावं रं, समुद्र केवढा असतो? तू शिकल्याला. तू मोजून सांगितलं. मी तेच बोलत आले की इतकी वर्सं. त्याच्या त्वांडावर बी बोलले. वझरला त्याच्या पिंडापाशी बी बोलले.” तिचा आवाज चढला नव्हता, तिच्या मानाने तो बारीकच होता. “माज्या त्वांडात तू घातलं ते.”

गावाने त्याला काय म्हटलं ते मी इतकी वर्षं गावाचं समजत होतो.

“ह्यात का न्हाई ते?” तिने पुस्तकावर हात आपटला.

“लिहायचं राहिलं.”

“ऱ्हायलं म्हणं! मंग सांग की आता समद्यांला. पुस्तक कोण वाचतंय हितं? बघ, पाणी ठिवलंय त्याच्यावर.”

मी चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलो, पण पंगतीसमोर उभं राहणं वेगळं होतं. उभा राहिलो. जे सांगितलं ते एवढंच : आईच्या वेळी माझा भाऊ निघाला होता, समुद्रातून परतावं लागलं, पुस्तकात आहे. आणि तो येत नाही म्हणून इंचभर अंतराचं बोललो तो मी. मी नकाशा चुकीचा मोजला होता. ते बोलणं माझं, तुम्ही ते आता टाकून द्या.

पत्रावळींवरचे हात थांबले. एक चुलतभाऊ म्हणाला, “आमाला काय म्हाईत राव, आमी तर मॉरिशसच समजत व्हतो.” त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं. एका म्हाताऱ्याने मला हाताने खाली बसायची खूण केली. “बसा सर, बसा. आमटी निवतीय.” वाढपी पुन्हा चालू लागले. एवढ्यावर ते संपलं. त्याच्यावर जे नोकरीच्या अकरा वर्षांतला जवळजवळ निम्मा काळ चाललं, पुढे गावी येऊनही चाललं, ते संपायला आमटी निवायचाही वेळ लागला नाही, आणि तो ऐकायला नव्हता.

काकी जेवली नाही. तिने मूळ कागद मागून घेतला. “ह्यातली त्याची कंची?” मी दाखवली. तिने सहीवर अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला.

एकोणीस प्रती उरल्या. मी रोज दोन-तीन प्रतींच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर ते वाक्य हाताने लिहितो. कोण बोललं, कुठे उभं राहून बोललं, आणि पट्टी कुठून कुठे ठेवली होती. वाटलेल्या प्रती ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्याकडे जाऊन मागायच्या आणि लिहून परत द्यायच्या, असं चाललं आहे. काहींनी द्यायला वेळ लावला, एकाची सापडत नाही.

एक प्रत त्या बेटावर पाठवायची आहे. पुस्तक मराठीत आहे, तो माणूस ते वाचू शकणार नाही. पण मागचं पान मी हिंदीत लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, तो कोणाकडून तरी वाचून घेईल. त्याने मला ‘बरं’चा अर्थ विचारला होता आणि मी ‘ठीक है’ सांगितलं होतं. मी आधी काय बोललो होतो, ते त्याला माहीत नव्हतं. आता माझं वाक्य वर लिहिलं आहे आणि त्याखाली भावाचा तो एक शब्द, तसाच, अर्थ न देता.